इंग्रजी क्रियापदांचे प्रकार पाठ आहेत, तरी वाक्य चुकतं. नेमकं काय समजून घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की ट्रान्झिटिव्ह, इन्ट्रान्झिटिव्ह, ऑक्झिलरी, मोडल, स्टेटिव्ह ही सगळी नावं व्याख्येसकट पाठ आहेत, पण बोलायला तोंड उघडलं की त्यांचा काही उपयोग होत नाही. मी गेली १४ वर्षं मराठी माध्यमातून आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दरवर्षी हेच ऐकते, आणि मुलांचं म्हणणं खरं असतं.

पुस्तकात हे प्रकार एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे वाटतं की प्रत्येक क्रियापद कुठल्या तरी एकाच खणात बसतं. खरं तर एकाच माणसाला आपण वय विचारतो, गाव विचारतो, कामधंदा विचारतो, तसे हे वेगवेगळे प्रश्न आहेत. कर्म लागतं का (लागलं तर ट्रान्झिटिव्ह, नाही तर इन्ट्रान्झिटिव्ह)? दुसऱ्या क्रियापदाला मदत करतं का (ऑक्झिलरी)? कृती दाखवतं की स्थिती (स्टेटिव्ह)? 'हॅव' घ्या. 'आय हॅव ईटन' मध्ये ते मदतनीस आहे, 'आय हॅव टू ब्रदर्स' मध्ये मुख्य क्रियापद आहे आणि स्थिती दाखवतं, 'आय ॲम हॅविंग लंच' मध्ये तेच कृती होतं. म्हणून जेवणाला 'हॅविंग' चालतं, भावांना चालत नाही.

आता मदतनीस क्रियापदांचं. एका मुलीच्या वहीत दर पानावर 'आय डिडन्ट वेन्ट' असायचं. लाल पेनाने खोडून मी थकले. मग तिला म्हटलं, हेच मराठीत लिही. तिने लिहिलं, 'मी गेले नाही.' तेव्हा मला उलगडलं. या वाक्यात भूतकाळ 'गेले' मध्ये आहे. 'नाही' तर 'मी जात नाही' मध्येही तेच राहतं. मराठीच्या सवयीने तिने भूतकाळ 'वेन्ट' वर ठेवला होता. मी खाली लिहिलं, 'मी जात नव्हते.' इथे 'जात' जागचं हलत नाही, काळाचं ओझं 'नव्हते' उचलतं. अर्थ वेगळा आहे, पण इंग्रजीतल्या 'डिडन्ट गो' ची रचना अशीच चालते: काळ मदतनिसाकडे गेला की मुख्य क्रियापद मूळ रूपात. 'डझ शी नो' (तिला माहीत आहे का) मध्ये 'नो' चा एस गळतो तोही याच कारणाने. ती चूक तिने पुढे क्वचितच केली.

मोडल, म्हणजे शक्यता, परवानगी, सक्ती असं काही दाखवणारे मदतनीस, त्यामानाने सोपी. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही ९. यांना एस लागत नाही आणि पुढे मूळ रूप येतं.

कर्माच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. आपण 'तिच्याशी' लग्न करतो, पुण्या'ला' पोहोचतो, प्रश्ना'वर' चर्चा करतो. म्हणून मुलं 'मॅरिड विथ हर', 'रीच्ड टू पुणे', 'डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' लिहितात. इंग्रजीत ही तिन्ही क्रियापदं कर्म थेट घेतात: मॅरिड हर, रीच्ड पुणे, डिस्कस्ड द प्रॉब्लेम. उलट 'माझं ऐक' मध्ये आपल्याला मध्ये काही लागत नाही, तर इंग्रजीत 'लिसन टू मी' म्हणावंच लागतं. हे अर्थावरून ओळखता येत नाही, शब्दागणिक शिकावं लागतं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि वर्गात नेमका हाच घाईत उरकला जातो.

'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' ही आपली आणखी एक हमखास चूक. मराठीत 'मला समजत नाहीये' अगदी सहज येतं, पण अंडरस्टँड, नो, बिलाँग ही स्थिती दाखवणारी क्रियापदं. प्रमाण इंग्रजीत त्यांना एरवी आयएनजी लावत नाहीत. 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणा.

लिंकिंग क्रियापद, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं, ओळखायचं असेल तर त्याच्या जागी 'इज' घालून बघा. 'ही लुक्स टायर्ड', 'ही इज टायर्ड': वाक्य टिकलं, म्हणजे लिंकिंग. 'ही लुक्स ॲट मी' मध्ये 'इज' बसत नाही, तिथे तो खरोखर बघतोय.

आजपासून एक करा. नवीन क्रियापद वहीत एकटं लिहू नका, सोबत त्याचं एक छोटं वाक्य लिहा. केंब्रिजच्या डिक्शनरीत क्रियापदाच्या अर्थाशेजारी टी किंवा आय हे अक्षर दिसेल. टी म्हणजे कर्म लागतं, आय म्हणजे लागत नाही. सुरुवात 'एक्सप्लेन' पासून करा. 'एक्सप्लेन मी' आणि 'एक्सप्लेन इट टू मी' यातलं बरोबर कुठलं ते शोधा, आणि खाली कमेंटमध्ये मला सांगा.