खरेदीचा भाव विसर

बाळा,

तुझे फोटो बघितले. वरच्या फळीवर एवढ्या साड्या पडून आणि तू विचारतोस काय तर काका, घेतल्या भावाच्या खाली कशा विकू? अरे, तू केवढ्याला घेतलीस याच्याशी गिऱ्हाईकाला काय देणंघेणं? ते पैसे सुरतच्या व्यापाऱ्याकडे कधीच पोचले. खरेदीचा भाव विसर.

आधी ते गठ्ठे खाली घे. एकेक साडी उलगडून घडीवर बोट फिरव, जरीकाठ काळा पडलाय का, घडीच्या रेषेवर रंग उडालाय का बघ. उडाला असेल तर ती वेगळी काढ, दोष सांगून वीक. बाकीच्यांची घडी बदल आणि काउंटरजवळ, डोळ्यासमोर लाव. वर ठेवलेलं कोण मागणार?

आणि सगळ्या दुकानाला सेल लावू नकोस रे, चालता माल कशाला स्वस्तात घालवतोस! राखाडी साड्या कोणी घेत नाही म्हणतोस, पण नवरात्रात शनिवारचा रंग राखाडीच असतो, दरवर्षी येतोच, तेव्हा घटस्थापनेच्या आधी पंधरा दिवस त्या पुढे आण. काळ्या संक्रांतीच्या आधी काढ, संक्रांत झाली की त्यांना परत कोणी हात लावत नाही. ब्लाउजपीस सुटे नकोत, ओटीसाठी डझनाचे गठ्ठे बांध. उरलेलं आषाढात, लग्नसराई थांबली की, पडेल भावात काढून टाक. तेव्हाही तेच, खरेदीचा भाव विसर. पोरांना पडून असलेल्या नगामागे थोडे पैसे दे, बघ कशी उत्साहाने दाखवतात. फक्त छापील किंमत वाढवून पन्नास टक्के सूट असली लबाडी करायची नाही, गावात चेहरे ओळखीचे असतात.

मला बाजारात वेडा म्हणायचे, हा तोट्यात विकतो, सगळ्यांचे भाव पाडतो. म्हणू देत. दिवाळीच्या खरेदीला मी रोख मोजायचो आणि तेच लोक व्याजाने पैसे काढायचे, मग तोट्यात कोण होतं सांग? हे माझ्या वडिलांना मात्र शेवटपर्यंत पटवता आलं नाही, त्यांनी जपलेल्या पैठण्या घडीवर चिरल्या, ती खंत अजून आहे. म्हणून तुझ्यावर चिडतोय, मनावर घेऊ नकोस.

बाबांनी हौसेने आणलेला माल आहे, जीव तुटतो, कळतं मला. पण त्यांनी तो विकायलाच आणला होता ना? रविवारपर्यंत नवीन किमतींची यादी पाठव. खरेदीचा रकाना त्यात नको.

तुझा काका