वाचकांचे प्रश्न : सालाझार, होकायंत्र आणि लांबलेला पाचवा भाग

गेल्या अंकात ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या पाचव्या भागाला आम्ही पाचपैकी अडीच तारे दिले, आणि पत्रांचा पाऊस पडला. हा भाग चौथ्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ मध्ये आला. अमेरिकेत त्याचं नाव ‘डेड मेन टेल नो टेल्स’, आपल्याकडे ‘सालाझार्स रिव्हेंज’. सालाझार म्हणजे यातला खलनायक, समुद्रातल्या एका शापित त्रिकोणात अडकलेला भूत-कप्तान. दोन वेगळे सिनेमे समजून दोनदा भाड्यानं घेऊ नका.

प्रश्न : चाचा जॅक स्पॅरो पहिल्यासारखाच झिंगतो, पडतो, वाचतो. मग ‘जॅक हरवला’ असं का लिहिलंत? (राजारामपुरी)

झिंगण्यात फरक नाही, डोक्यात आहे. २००३ च्या पहिल्या भागातली जहाजचोरी आठवा. जॅक आणि तरुण लोहार विल दोघंच नौदलाच्या मोठ्या ‘डॉन्टलेस’वर चढतात. ते पळवायला दोन माणसं पुरणार नाहीत हे नौदलाला दिसतं, म्हणून सगळे सैनिक वेगवान ‘इंटरसेप्टर’ घेऊन त्यांना धरायला येतात. सैनिक इकडे उतरले की हे दोघं दोर धरून तिकडे, आणि ‘डॉन्टलेस’चं सुकाणू आधीच निकामी केलेलं! बघताना वाटतं बेवडा आहे, मागे वळून पाहिलं की प्रत्येक पाऊल मोजलेलं.

पाचव्या भागात जॅक बँकेच्या तिजोरीत झोपलेला सापडतो. पुढे गिलोटिनला बांधलेला असताना तोफेच्या दणक्यानं तो सांगाडाच गरगर फिरतो आणि पातं मानेपर्यंत येऊन परत जातं. दृश्य झकास आहे, हसू येतं. पण तिथे जॅकच्या जागी पोतं बांधलं असतं तरी तेच घडलं असतं. शिवाय पहिल्या तीन भागांत मुख्य गोष्ट विल आणि त्याची प्रेयसी एलिझाबेथ यांची होती, जॅक तिच्यात आडवातिडवा घुसायचा. इथे त्या जागी त्यांचा मुलगा हेन्री आणि ताऱ्यांचा अभ्यास करणारी करीना आहेत. पैकी करीनाला बापाचा धागा तरी मिळतो. हेन्रीला वडिलांना शापातून सोडवायचंय, एवढ्यावर तो भागतो.

प्रश्न : होकायंत्रावरून एवढी आदळआपट कशासाठी? जॅकनं ते दारूच्या बाटलीपायी दिलं, सालाझार सुटला, गोष्ट पुढं गेली की. (कागल)

गोष्ट पुढं गेली, पण मागची पुसून. दुसऱ्या भागात चेटकीण टिया डाल्मा म्हणते की हे होकायंत्र जॅकनं तिच्याकडून सौद्यात नेलं. पाचव्यात तेच होकायंत्र एक मरणारा कप्तान पोरसवदा जॅकच्या हातात ठेवतो. वर नवी अट : त्याच्याशी दगा केलात तर तुमची सगळ्यांत मोठी भीती मोकळी सुटेल. मग दुसऱ्या भागात जॅकनं ते एलिझाबेथला दिलं, तिसऱ्यात विलला दिलं, तेव्हा सालाझार कुठं होता? चाहते म्हणतात, ते उसनं दिलं होतं, विकलं नव्हतं. वकिली म्हणून ठीक आहे. पण ती प्रेक्षकानं करायची, पडद्यावर त्याबद्दल चकार शब्द नाही.

खरं तर या अटीची गरजच नव्हती. सुरुवातीला हेन्रीचं जहाज सालाझारच्या त्रिकोणात शिरतंच, आणि निरोप पोचवायला सालाझार एकट्या हेन्रीला जिवंत सोडतो. त्याच प्रसंगात सुटकेची वाट ठेवली असती तर होकायंत्राला हात लावावा लागला नसता.

प्रश्न : घरच्या ५५ इंची टीव्हीवर भुतं रबराची वाटली. संवाद ऐकू येईनात, तोफा मात्र शेजाऱ्यांनाही ऐकू गेल्या. सिनेमाच तसा आहे का? (कळंबा)

नाही, टीव्ही तसा लावलाय. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो, त्यामुळे सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. सालाझारचे पाण्यात तरंगल्यासारखे केस आणि खलाशांच्या अंगातली भगदाडं संगणकावर केलेली. त्यांच्या कडांशी टीव्हीचा अंदाज चुकतो आणि कडा थरथरतात.

आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. मग मोशनची, म्हणजे मधली चित्रं भरायची, सोय बंद करा : एलजीत तिला ‘ट्रूमोशन’ म्हणतात, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’. शार्पनेस शून्याजवळ आणा. सोनीत मात्र मधला ५० हाच तटस्थ आकडा, तिथे शून्य केलंत तर चित्र धुरकट होईल. रात्रीच्या समुद्राची दृश्यं बरीच आहेत, तेव्हा ब्राइटनेस वाढवण्याआधी खोलीतली ट्यूब बंद करून बघा. ब्राइटनेस चढवला की काळा रंग राखाडी होतो, एवढंच हाती लागतं.

आवाजाचं कारण वेगळं. ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संवाद बहुतेक मधल्या स्पीकरकडे असतात. टीव्हीला स्पीकर दोनच, त्यामुळे संवाद, संगीत आणि तोफा एकाच नळातून येतात. ॲपमध्ये ध्वनीचा पर्याय असेल तर ‘स्टिरिओ’ निवडा आणि टीव्हीचा ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू करा, म्हणजे मोठे आवाज दबतात. साउंडबारला मधल्या वाहिनीची पातळी असेल तर ती दोन-तीन अंश वाढवा. सगळंच एकदम वाढवलं तर आवाज फाटतो. सालाझारचा घोगरा आवाज त्यानंतरही कळला नाही तर खाली अक्षरं लावा, त्यात लाज कसली?

प्रश्न : तरुण जॅक खडकाला दोर अडकवून भरधाव जहाज गर्रकन वळवतो. असं होतं का? (शाहूपुरी)

कल्पना अस्सल आहे, प्रमाण खोटं आहे. वारा जहाजाला किनाऱ्याकडे रेटतोय आणि वळायला जागा नाही, अशा वेळी शिडाच्या जहाजांवर शेवटचा उपाय होता : वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूचा नांगर टाकायचा, तो रुतला की नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वाऱ्यातून फिरते, आणि फिरल्याबरोबर नांगराचा दोर कुऱ्हाडीनं तोडायचा. तोडायला उशीर झाला तर जहाज जागीच खिळतं. नांगर रुतलाच नाही तर जहाज थेट खडकावर. दोन्ही चुका जिवावरच्या, म्हणून वळण्याआधीच कुऱ्हाड घेऊन माणूस उभा करायचे. सिनेमात हातानं फेकलेल्या चार दोरांवर अख्ख्या जहाजाचं ओझं येतं. प्रत्यक्षात दोर तुटून चाबकासारखे उलटले असते, नाहीतर खुंट फळ्यांसकट उखडले असते. घोडे जोडून बँकेची इमारत गावभर ओढतात, त्या प्रसंगाला मात्र हे हिशेब लावू नका. तो निखळ चावटपणा आहे.

प्रश्न : सुट्टीत मुलांसोबत सगळे पाहायचेत. कोणता गाळावा? (गडहिंग्लज)

पाचही मिळून सुमारे बारा तास होतात. दुसरा आणि तिसरा एकाच शनिवार-रविवारी बघा, कारण दुसरा ऐन मोक्यावर संपतो. चौथा गाळावासा वाटेल, पण पाचव्यात जॅकचं जहाज ‘ब्लॅक पर्ल’ बाटलीत का आहे आणि त्याचा जुना वैरी बार्बोसा याच्या तलवारीनं ती बाहेर कशी येते, हे चौथ्यातल्या चाच्या ब्लॅकबिअर्डशिवाय कळत नाही. त्याचे प्रसंग तेवढे बघा. पाचवा सगळ्यांत आटोपशीर, १२९ मिनिटांचा. लहान मुलं असतील तर करीना स्वतःला घड्याळतज्ज्ञ (हॉरॉलॉजिस्ट) म्हणते तिथे सावध राहा. त्या इंग्रजी शब्दाच्या उच्चारावर बेतलेला चावट विनोद आहे.

प्रश्न : असले चाचे आपल्याकडे होते का? (मंगळवार पेठ)

इंग्रजांना विचारलंत तर आपलेच होते. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे असताना तिथल्या गलबतांना ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत चाचेच म्हटलंय. १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांना मालवण सोडावं लागलं. कान्होजी आंग्र्यांनाही त्यांनी तोच शब्द वापरला, आणि आंग्रे तर दस्तक (परवाना) देऊन रीतसर कर घेत होते. समुद्र कुणाचा यावर शब्द ठरायचा.

प्रश्न : शेवटी नावं संपेपर्यंत थांबायचं का? (कळे)

थांबा. विल आणि एलिझाबेथ झोपलेत, भिंतीवर नांगीची सावली पडते, आणि विल दचकून उठतो तेव्हा पलंगाशी ओले शिंपले. तिसऱ्या भागात मेलेला, खेकड्याच्या नांगीचा डेव्ही जोन्स परत कसा आला, याचं उत्तर द्यायला सहावा भाग यायला हवा होता. तो आलेला नाही.