महागड्या मदरबोर्डातली फीचर्स खरंच कामाची असतात की नुसती जाहिरात?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय. दुकानदार १४ हजारांचा बी६५० मदरबोर्ड सोडून ३२ हजारांचा एक्स६७०ई घ्या म्हणतोय आणि भाऊ म्हणतोय, बोर्ड कुठलाही चालतो, सगळं मार्केटिंग. माझ्या मते दोघंही चुकतायत, आणि भावाची चूक जास्त महागात पडणारी आहे.

आधी दुकानदाराचं बघू. बी६५० वर जी चिपसेटची (पोर्ट आणि ड्राइव्ह सांभाळणारी) चिप असते, तीच एक्स६७०ई वर एकीला दुसरी जोडून दोनदा बसवलेली असते. त्यामुळे यूएसबीची, आणि ड्राइव्ह जोडायच्या साटा व एम.२ जागांची संख्या वाढते, प्रोसेसरचा वेग तसूभरही वाढत नाही. ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयई ५.० (कार्डाच्या जोडणीची पुढची पिढी) मिळतो खरा, पण ४०६० हे ४.० चं कार्ड आहे आणि सोळापैकी आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं.

आता फेज. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटला व्हीआरएम म्हणतात आणि त्यातल्या समांतर भागांना फेज. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१६+२+२’ छापून जी विक्री चालते, तिचा मला मनापासून राग आहे. हिशोब अगदी सोपा आहे. ७६०० सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॉट खेचतो. साधारण १.२ व्होल्ट धरले तर ७३ अँपिअर होतात. आठ फेजमध्ये वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला नऊ, आणि आज साध्या बोर्डावरही ५०-६० अँपिअरचे पॉवर स्टेज (फेजमधली वीज सोडणारी चिप) सर्रास असतात. २३० वॉटचा मोठा प्रोसेसर ७९५०एक्स लावला तरी फेजमागे २४ च्या आसपासच येतं. शिवाय सोळा म्हणून सांगितलेल्या फेज बऱ्याचदा आठच सिग्नलवर जोडीजोडीने चालतात.

फेज मोजत बसण्यापेक्षा व्हीआरएमवर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) आहे का बघा. व्हीआरएम उघडा असलेल्या स्वस्त बोर्डावर ७९५०एक्स बसवून तासभर रेंडर चालवला, की व्हीआरएम तापतो आणि बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. लिक्विड कूलर असेल तर आणखी वाईट, कारण टॉवर कूलरचा जो वारा सहज व्हीआरएमवर जातो, तोही बंद होतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे हा फरक लगेच दिसतो.

आता भावाचं. बायॉस फ्लॅशबॅकचं बटण, म्हणजे बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम (बायॉस) पेनड्राइव्हवरून नवा करणारं बटण, ही माझ्या लेखी बोर्डावरची सर्वांत उपयोगी वस्तू आहे. रायझन ९००० मालिकेचे प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये आले. त्याआधी जुन्या बायॉससह खोक्यात गेलेला बी६५० बोर्ड ९६००एक्स ओळखतच नाही. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही, आणि लोक चांगला प्रोसेसर खराब समजून परत करतात. बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम न बसवताही काम होतं. ३२ जीबी किंवा लहान पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बायॉसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव जसंच्या तसं द्यायचं, मागच्या बाजूला खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच तो लावायचा, २४ पिन आणि ८ पिन केबल जोडून पॉवर सप्लाय चालू करायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत राहिला तर काम चालू आहे, तो विझेपर्यंत हात लावायचा नाही. बऱ्याच बोर्डांवर दिवा काही सेकंदांत लुकलुकायचा थांबून नुसताच पेटून राहिला, तर फाइलचं नाव किंवा फॉरमॅट चुकलंय.

दुसरी वस्तू म्हणजे सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे, चालू होताना गाडी कुठे अडली ते दाखवणारे. डीडीआर५ रॅमची पहिली बूट मिनिटं घेते, कारण बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. डीरॅमचा दिवा पेटलेला दिसतो आणि स्क्रीन काळी असते. दहा मिनिटं तसंच राहू द्या. घाबरून बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. रॅमच्या पट्ट्या दोनच घ्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. चार लावल्या तर ७००० मालिकेत एएमडीचा रॅमसाठीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो.

लॅन पोर्टचं (इंटरनेटची वायर लावायच्या जागेचं) ‘सर्ज प्रोटेक्शन’ पाहून निश्चिंत होऊ नका. केबलवाल्याची तांब्याची वायर गच्चीवरून येत असेल तर पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की ती काढून ठेवा. एम.२ च्या हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म सोलायला विसरू नका, नाहीतर एसएसडी उलट जास्त तापते. ५ व्होल्टची तीन पिनी एआरजीबी (रंगीत दिव्यांची) पट्टी १२ व्होल्टच्या चार पिनी हेडरवर लावली तर ती तिथेच जळते.

तेव्हा बी६५० च घ्या, पण फ्लॅशबॅक, व्हीआरएमवर हीटसिंक आणि ते चार दिवे आहेत का, हे खोक्यावर नाही तर मॅन्युअलमध्ये पाहून. उरलेल्या १८ हजारांतून चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस येतो, आणि घरातल्या थ्री-पिनला खरंच अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून होतं.

एक राहिलं. तुम्ही व्हिडिओ एडिटिंग करत असाल आणि तीन-चार एम.२ ड्राइव्ह, शिवाय कॅप्चर कार्ड लावायचं असेल, तर मात्र दुकानदाराचं बरोबर आहे. बी६५० वर एम.२ चा आणखी एखादा स्लॉट भरला की काही बोर्डांवर साटाचे दोन पोर्ट बंद होतात.