नवरा-बायकोने बोटीवर राहून बेटे हिंडायची असतील तर

तुमचा प्रश्न असा आहे : तुम्ही दोघे मुंबईत नोकरी करता, वय पस्तिशीचे, दोघांनाही पोहता येते, पण बोट चालवण्याचा अनुभव नाही. दोन-तीन वर्षे शिडाच्या बोटीवरच बिऱ्हाड करून उष्ण कटिबंधातली बेटे पाहायची आहेत. हे सर्वसाधारण जोडप्याला झेपेल का, आणि सुरुवात कुठून करावी? मी आणि माझे पती मलेशियातले लांगकावी, थायलंडमधले फुकेत आणि आपले अंदमान या पट्ट्यात ३६ फुटी जुन्या बोटीवर राहिलो आहोत, आणि शिडाचे पहिले धडे आम्ही गेटवेसमोरच्या पाण्यातच गिरवले. त्या अनुभवावरून सांगते की हे झेपते, मात्र एका अटीवर : दोघांपैकी कोणालाही ती बोट एकट्याने बंदरात परत आणता आली पाहिजे.

पुष्कळ जोडपी नेमके हेच करत नाहीत. नवरा प्रशिक्षण घेतो, नकाशे वाचतो, इंजिन उघडतो; बायको स्वयंपाक सांभाळते आणि सांगेल तो दोर ओढते. नवऱ्याला ताप भरेपर्यंत, त्याची कंबर धरेपर्यंत किंवा तो पाण्यात पडेपर्यंत या व्यवस्थेत काही उणे दिसत नाही. पाच नॉट (ताशी सव्वानऊ किलोमीटर) वेगाने चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे निघून जाते. तेवढ्या वेळात बोटीवर उरलेल्या माणसाने तरंगते कडे फेकायचे, जीपीएसवर जागेची खूण करायची, बोट वळवायची, शीड उतरवायचे, इंजिन चालू करायचे आणि हे सर्व करताना पाण्यातल्या माणसावरची नजर हलू द्यायची नाही. त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर खरी कसोटी लागते, कारण ओल्या कपड्यांतला सत्तर किलोचा माणूस पाण्यापासून मीटरभर उंच असलेल्या कडेवरून नुसत्या हातांनी वर घेता येत नाही. शीड चढवायचा दोर त्याच्या जाकिटाला अडकवून विंचने (दोर ओढायच्या हातचक्राने) त्याला वर उचलावे लागते. हे काम शांत पाण्यात, आलटून-पालटून, हात आपोआप चालू लागेपर्यंत करून पाहावे. रात्री आणि खराब हवेत दोघांनीही बोटीला पट्ट्याने बांधून घ्यावे, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिटबाहेर, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या खळग्याबाहेर, पाऊल टाकू नये. या दोन नियमांना आमच्या बोटीवर अपवाद नव्हता.

दोघांनी बोट चालवणे म्हणजे प्रत्यक्षात एकेकट्याने चालवणे असते. एक झोपलेला असतो तेव्हा दुसऱ्यावर सगळी जबाबदारी असते. आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोवा सोडले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यातच परतल्या. त्यांच्यामागे काही वर्षांचे प्रशिक्षण होते आणि त्यांच्या वाटेवरच्या दक्षिणी महासागराशी तुमचा संबंध येणार नाही, तरीही पहारे वाटून घेण्याची पद्धत हीच. फुकेतहून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, सुमारे चारशे सागरी मैल आहे. दिवसाला शंभर ते एकशे वीस मैल धरले तर साडेतीन-चार दिवस लागतात. त्या काळात तीन-तीन तासांचे पहारे लावले की पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, दुसऱ्या रात्रीपासून शरीर सवय लावून घेते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी सलग दोन रात्रींचा प्रवास करून पाहावा, एका रात्रीवरून अंदाज येत नाही.

नांगर टाकण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवरा-बायकोची जास्तीत जास्त भांडणे तिथेच होतात. बहुतेक बोटींवर नवरा सुकाणू धरतो आणि बायको नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जाऊन साखळीशी झुंजते. ही वाटणी उलटी असावी, असे माझे ठाम मत आहे. नांगराच्या कामाला जोर लागतो, इंजिन पुढे-मागे घ्यायला अंदाज लागतो. तेव्हा ज्याच्या अंगात जोर जास्त त्याने नाळेवर जावे. आमच्याकडे सुकाणूवर मी असे. पती हाताच्या बोटाने दाखवतील ती दिशा, मूठ मिटली की न्यूट्रल, तळहात मागे ढकलला की हळू मागे, अशा खुणा ठरलेल्या होत्या. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलेले अर्धे ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येते ते रागावल्यासारखे वाटते. पाच मीटर पाण्यात निदान पंचवीस मीटर साखळी सोडावी, वारा वाढणार असेल तर पस्तीस. मग इंजिन मागे घेऊन नांगर वाळूत रुतू द्यावा, किनाऱ्यावरचा एखादा माड आणि त्यामागचा खडक एका रेषेत धरावा आणि पाच-दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. ती रेषा सरकत राहिली तर नांगर घसरतो आहे असे समजावे. पाणी स्वच्छ असेल तर मास्क लावून उतरावे आणि नांगर डोळ्यांनी पाहून यावे. तो प्रवाळावर पडलेला नाही ना, याचीही तेव्हाच खात्री होते. कित्येक वर्षे वाढलेले प्रवाळ साखळीच्या एका फटकाऱ्याने मोडते, आणि ते पाहायलाच आपण तिथवर आलेलो असतो.

आता सुरुवातीविषयी. मुंबईच्या पाण्याला लोक नावे ठेवतात, पण शिकण्यासाठी याहून कडक शाळा मिळणार नाही. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतले अंतर चार मीटरांच्या वर जाते, ओढ जबरदस्त असते, मोठ्या जहाजांचा मार्ग मधून जातो आणि कोळ्यांची जाळी कुठेही आडवी येतात. सकाळचे मंद मतलई वारे आणि दुपारनंतर वायव्येकडून जोर धरणारे खारे वारे दोन्ही हाताळायला मिळतात. ऑक्टोबर ते मे या हंगामात कुलाब्याच्या बाजूला शीडनौकानयन शिकवणारे क्लब आणि संस्था चालू असतात. तिथे दोघांनी स्वतंत्रपणे नाव घालावे आणि शक्य तर वेगवेगळ्या बोटींवर शिकावे, म्हणजे एकमेकांच्या आधाराची सवय लागत नाही. पुढे मांडवा, खांदेरी, मग मुरुड-जंजिऱ्यापर्यंत आणि शेवटी गोव्यापर्यंत कोणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून जावे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढलेल्या असतात. ते महिने डिझेल इंजिन शिकण्यासाठी वापरावेत. फिल्टर बदलणे, इंधनात शिरलेली हवा काढणे आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले फिरते पाते) बसवणे ही तीन कामे तरी दोघांना डोळे मिटून आली पाहिजेत.

मुंबईतच बोटीवर राहण्याचा विचार मात्र सोडावा. इथल्या बहुतेक शिडाच्या बोटी गेटवेसमोर मुरिंगवर (तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या खुणेला बांधलेल्या) असतात, पाणी-वीज देणाऱ्या धक्क्याला लागून नसतात, आणि पावसाळ्यात ती जागा राहण्याजोगी उरत नाही. कोचीला बोलगट्टी बेटावर मरीना, म्हणजे बोटी लावायचा सोयींचा धक्का, आहे, तिथे निदान अनुभव घेता येतो. बेटे हिंडण्यासाठी जुनी बोट घ्यायची तर लांगकावी आणि फुकेत या भागात पाहावी. लांगकावी हा मलेशियाचा करमुक्त द्वीपसमूह असल्याने तिथे देशोदेशीच्या बोटी विकायला असतात आणि दुरुस्तीची कामेही होतात. घेण्याआधी त्याच भागात आठवडाभर बोट भाड्याने घेऊन दोघांनीच चालवून पाहावी. कप्तानाशिवाय बोट देणारे लोक प्रमाणपत्र आणि अनुभवाची नोंदवही मागतात, म्हणून मुंबईत केलेल्या प्रत्येक फेरीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

बेटांची निवड ऋतू पाहून करावी लागते. अंदमान समुद्रात डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा वारा बेताचा आणि समुद्र सौम्य असतो. बंगालच्या उपसागरात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. अरबी समुद्रातही मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर हा धोका असतो, हे ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ पाहिलेल्या मुंबईकराला सांगायला नको. विषुववृत्ताला अगदी लागून असलेल्या पट्ट्यात वादळे क्वचितच तयार होतात, म्हणून बरेच बोटवाले ते महिने मलेशियाच्या बाजूला काढतात. अंदमानात परवानग्यांचे नियम कडक आहेत आणि जिथे नांगर टाकायचा त्या जागा आधी कळवाव्या लागतात. सेंटिनेली आदिवासींच्या उत्तर सेंटिनेल बेटाच्या पाच सागरी मैलांच्या आत जाण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. खारफुटीच्या खाड्यांत मगरी असतात, तेव्हा पाणी कितीही मोहक दिसले तरी तिथे उतरू नये. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवरच वस्ती आहे आणि प्रशासनाचा परवाना लागतोच. मालदीवमध्ये उत्तरेकडून शिरणाऱ्या बोटी उलिगामू बेटावर कागदपत्रे करतात. तिथली अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी तळ तीस मीटरांच्या खाली असतो आणि मध्येच प्रवाळाचे खांब वर आलेले असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी ते टाळावे.

प्रवाळाच्या पाण्यात नकाशावर विसंबता येत नाही, कारण काही सर्वेक्षणे फार जुनी आहेत. एकाने पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर उभे राहायचे आणि रंग वाचायचे : गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे उथळ वाळू, तपकिरी किंवा पिवळट म्हणजे प्रवाळ. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तेव्हाच हे दिसते, म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन याच वेळेत आत शिरावे आणि संध्याकाळ झाली असेल तर बाहेर खोल पाण्यात रात्र काढावी.

रोजच्या जगण्यात पाणी हा सर्वांत मोठा विषय असतो. आंघोळ समुद्रात करून शेवटी तांब्याभर गोडे पाणी अंगावर घ्यायचे, भांडी समुद्राच्या पाण्याने घासून गोड्याने विसळायची, असे केले की दोघांना दिवसाला पंधरा-वीस लिटर पुरते. खाऱ्याचे गोडे पाणी करणारे यंत्र सोयीचे असते, पण ते बिघडते हे गृहीत धरून टाकी भरलेली ठेवावी. कुकर, डाळी, तांदूळ, पोहे, कांदे-बटाटे, कोकम आणि लोणची यांवर मराठी स्वयंपाक उत्तम चालतो. पालेभाजी दोन दिवसांत संपते, कोबी आणि लाल भोपळा पुष्कळ टिकतात. मिठाने दमट झालेली गादी मात्र मुंबईकरालाही जड जाते. मीठ हवेतली ओल खेचून घेते, म्हणून समुद्रात भिजलेले कपडे गोड्या पाण्यात बुचकळल्याशिवाय आत आणूच नयेत.

जागेचे म्हणाल तर वन रूम किचनमध्ये वाढलेल्यांना ती कमी पडत नाही. कमी पडते ते एकटे असणे. खोलीतून उठून नाक्यावर जाता येते, तशी सोय तिथे नसते. आम्ही दुपारचे दोन तास एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले होते. एक नाळेवर, एक आत. शिवाय मतभेद झाला तर दोघांपैकी जो अधिक सावध असेल त्याचे ऐकायचे, म्हणजे एकाला निघायचे नसेल तर बोट निघत नाही. या नियमामुळे वादच उरत नाही.

कागदपत्रांत बोटीचे वेगळे आणि तुमचे वेगळे असते. प्रत्येक देशात शिरताना पिवळे निशाण लावून सोपस्कार पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि निघताना बंदराचा दाखला घ्यायचा, कारण पुढच्या बंदरात तो मागतात. व्हिसाची मुदत हवामानासाठी वाढत नाही, तेव्हा हाताशी दिवस राखून बेत करावेत. खर्चाचा अंदाज करताना बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बाजूला ठेवावी, असे जाणकार सांगतात. जुन्या बोटीला पहिल्या वर्षी त्याहून जास्त लागते. म्हणून हातातले सगळे पैसे बोटीच्या खरेदीत घालू नयेत. मनात असेल त्यापेक्षा पाच-सहा फुटांनी लहान बोट चालेल.

शेवटची गोष्ट आई-वडिलांची. मुंबईत कोणी आजारी पडले तर बोट कुठे सोडता येईल आणि तिथून विमान कुठे मिळेल, हे प्रत्येक मुक्कामाआधी आम्ही लिहून ठेवत असू. बोट किल्लीसह जिच्याकडे सोपवता येईल अशी मरीना दोन-तीन दिवसांच्या अंतरावर असेल तेवढेच दूर जात असू. आई-वडिलांना आमचा मार्ग भिंतीवरच्या नकाशावर लावून दिला होता आणि दर दोन दिवसांनी निरोप पोहोचत असे. घर विकू नका, भाड्याने द्या. त्या भाड्यातून बोटीच्या देखभालीचा बराचसा भाग निघतो आणि परत येण्याच्या दिवशी मुंबईत पाय ठेवायला जागा राहते.