हातावरचे डाग आणि ती बिनलेबलची डबी

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. चार-पाच वर्षांपासून हातांवर आणि गालांवर तपकिरी डाग यायला लागलेत, चेहऱ्याचा रंगपण एकसारखा राहिला नाही. ओळखीतल्या एकीने क्रीम दिलं, डबीवर काहीच लिहिलेलं नाही. पहिल्या महिन्यात चेहरा मस्त उजळला, पण आता दोन दिवस लावलं नाही की लाल होतो आणि आग होते. सगळे म्हणतात वय झालं की डाग येणारच. खरंच काही उपाय नाही का?

उत्तर : ताई, आधी त्या डबीबद्दल बोलते, कारण मला डागांपेक्षा तिचीच जास्त काळजी वाटतेय. लावलं की झकास आणि सोडलं की लाली, हे ऐकून पहिला संशय स्टेरॉइडचाच येतो. त्याने त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, लव वाढते. आणि अशा बिननावाच्या क्रीममध्ये पारासुद्धा सापडलेला आहे, तो किडनीवर जातो. म्हणून लाली दाबायला परत तेच लावू नका, डबी घेऊन याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांकडे जा, सोडल्यावर होणारी आग कशी आवरायची ते ते सांगतील.

आता डाग. एक करून बघा, हात उजेडात धरा आणि मग उलटा करून मनगटाच्या वरची आतली बाजू बघा. तिथे डाग नाहीत ना? दोन्ही बाजूंचं वय सारखंच आहे की हो! फरक फक्त उन्हाचा, इतक्या वर्षांचं ऊन साठत साठत रंग बनवणाऱ्या पेशी जागोजागी जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, करायला लागतात आणि त्याचे हे डाग. गालावरचे मात्र वेगळे असू शकतात, दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर सारखाच पसरट चट्टा असेल तर तो वांग, त्यात हार्मोन्सचाही हात असतो आणि तो जास्त चिवट.

दोन्हीला पहिलं औषध सनस्क्रीनच, एसपीएफ ३० किंवा वर, दोन बोटं भरून चेहरा आणि मानेला, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत, आणि हातांनाही, तेच सगळे विसरतात. खिडकीच्या काचेतूनही उन्हातले यूव्हीए किरण आत येतातच. वांग असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं, वांग त्यानेही वाढतो. हे नसेल तर बाकी सगळं पाण्यात.

मग अॅझेलिक अॅसिड, रेटिनॉइड, व्हिटॅमिन सी, नियासिनामाइड या डाग फिके करणाऱ्या औषधांतलं काय ते तुमची त्वचा शांत झाल्यावर डॉक्टर ठरवतील, आत्ता स्वतःहून काहीच चोळू नका. हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारं क्रीमही चांगलं काम करतं पण देखरेखीखाली आणि थोडे महिनेच, वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर काळे डाग पडतात. लिंबू तर अजिबात नको, ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो.

हातावरच्या डागांना लेसर किंवा गोठवून काढणं चालतं, पण सावळ्या त्वचेवर जपून, जागा भाजली की तिथेच आणखी काळं होतं, आणि वांग तर लेसरने कधीकधी भडकतो. लेसरच्या आधी डाग नक्की कशाचा आहे हे तपासलेलं पाहिजे. एखादा डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या, एकातच दोन-तीन रंग, खाज किंवा रक्त, असं असेल तर वाट न बघता दाखवा, तळपायावर किंवा नखाखाली नवी काळी रेघ आली तरीही.

फरक दिसायला तीनेक महिने लागतात, रोज आरशात बघून तो कळत नाही आणि त्याच कंटाळ्याने बायका अशा डब्यांकडे वळतात. आजच हाताचा एक फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी परत काढा.