८४ एचपीच्या युरोरॅक केसमध्ये (सुटी मॉड्यूल जोडून बनवायच्या सिंथेसायझरच्या पेटीत) काय बसवावं?
अरे, एचपी हे रुंदीचं माप; ८४ एचपी म्हणजे जेमतेम ४२-४३ सेंटिमीटर. त्यात तीन ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारी मॉड्यूल) कोंबायचा मोह आवर. एकच घे, प्लेट्ससारखा १२ एचपीचा; आवाजाचे प्रकार त्यातच ढीगभर आहेत. खरी जागा दे मॅथ्स या मॉड्यूलला. २० एचपी खातो, पण एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार), एलएफओ (संथ लहर), स्ल्यू (व्होल्टेजचा बदल सावकाश करणं), मिक्सिंग सगळं एकटा सांभाळतो; माझ्या केसमधून तो आजवर हलला नाही. व्हीसीए (व्होल्टेजने सिग्नल लहान-मोठा करणारे अ‍ॅम्प्लिफायर) मात्र कितीही घेतले तरी कमीच पडतात, निदान चार हवेत. आणि पैसे द्यायच्या आधी पॉवरचा हिशोब कर: प्रत्येक मॉड्यूलचे मिलिअँपिअर मांड, वर थोडी शिल्लक ठेव. मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टकडे. मी एकदा घाईत उलटी लावली. जळका वास आला, फिल्टर गेला. दोन बोटं जागा उरली तर उरू दे, कोरं पॅनेल लाव.