क्रेडिट गुणांपलीकडचे शिक्षण

डॉक्टर, नागपुरात कर्करोग विभागात आपण नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून सांगतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत लागणारे 30 क्रेडिट गुण (सतत वैद्यकीय शिक्षणाचे गुण) परिषदेची मान्यता असलेल्या कोणत्याही व्याख्यानांना बसून जमतात (जेवणही बरे असते), परंतु निवड विषय पाहूनच करावी. अरोमाटेज इनहिबिटर (शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असताना स्तनाचा कर्करोग वाढला, तर ईएसआर1 या इस्ट्रोजेन-ग्राहीच्या जनुकातील उत्परिवर्तन हे त्याचे एक कारण असू शकते आणि ते सहसा उपचारादरम्यान उद्भवत असल्याने मूळ गाठीच्या जुन्या ब्लॉकमध्ये (मेणात जतन केलेल्या नमुन्यात) बहुधा सापडत नाही. म्हणून त्या टप्प्यावर केलेल्या रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनए तपासणीचा अहवाल कसा वाचावा, हे शिकवणारे सत्र आधी गाठावे. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इलासेस्ट्रंट हे औषध याच उत्परिवर्तनासाठी आहे. मात्र गडचिरोलीहून येणाऱ्या रुग्णेने गोळ्या नियमित घेतल्या का, हे विचारल्याशिवाय केसपेपरवर ‘औषधरोध’ (गाठ औषधाला दाद देत नाही) असे लिहू नये.